झाकणाची कड

नऊ व्होल्टची बॅटरी आधी जिभेला लावली.
चुरचुरली. म्हणजे जिवंत आहे.
पेडलवर पाय दिला, लाल दिवा लागला,
तार छेडली
आणि काही नाही. घूं नाही, घरघर नाही,
निदान खरखर तरी करावी.
परत दाबला की गिटार साधी, स्वच्छ वाजते,
जणू मी मध्ये कधी नव्हतोच.

वडगावात रात्री समोरचे माग चालूच असतात.
खटक्-खटक्, खटक्-खटक्.
या गल्लीत शांतता कशी असते
ते मला या डब्यानं दाखवलं.

डबा विकतचा नाही.
उद्यमबागेत मी मोल्डर, दिवसभर पंपाची बॉडी ओततो.
एका शनिवारी उरलेल्या ॲल्युमिनियमच्या रसात
हा तळहाताएवढा साचा भरून घेतला.
सुपरवायझर तळवार तिकडे तोंड करून
चहा पीत राहिला, बराच वेळ.
कड ड्रॉइंगमध्ये दोन मिलिमीटर होती,
मी तीन ठेवली.
ब्लेझ पाय आपटून वाजवतो.

ब्लेझ कँपातला. रविवारी त्याला एका लग्नात वाजवायचंय,
आणि आवाज फाटका पाहिजे.
फाटका म्हणजे कसा, विचारलं तर म्हणाला,
"ऊस भरलेला ट्रॅक्टर चढ चढतो ना, तसा."

शहापुरातल्या हुक्केरींनी, रेडिओवाल्या,
डबा कानाशी नेऊन हलवला, नारळ बघतात तसा.
"नेल एल्लिदे?"
नेल म्हणजे जमीन.
जमीन कुठं, असं आमच्याकडं विचारलं
की चहाच्या गाड्यावर लगेच दोन तट पडतात.
त्यांना फक्त काळी वायर बघायची होती.
बघितली. मान हलवली.
मग एका वायरच्या टोकाला कपॅसिटर डागून हातात दिला:
"जा, दारोदार विचारत. आवाज शेवटचा कुणी बघितला."

घरी येऊन झाकण काढलं आणि विचारत निघालो.
आत येणाऱ्या जॅकपाशी आहे.
पहिल्या ट्रान्झिस्टरच्या पायावर आहे, बारीक,
सर्दी झाल्यासारखा.
दुसऱ्याच्या पुढं
ट्रॅक्टर!
व्हॉल्यूमच्या मधल्या पायावरसुद्धा ट्रॅक्टर.
मंगल भाकरी थापता थापता ओरडली, "वाजालंय की!"
"वाजालंय."
"मग?"
मग झाकण लावलं, चार स्क्रू आवळले, आणि मेला.

उघडलं की बोलतो. मिटलं की गप्प.
पाचव्यांदा मी एकच स्क्रू लावला,
तार छेडत, पाव पाव फेरा.
सव्वातीन फेऱ्यांना आवाज गेला.
फटीत टॉर्च मारला.
झाकणाची आतली कड
व्हॉल्यूमच्या पायाला टेकत होती,
नुसती टेकत.
अख्खा ट्रॅक्टर तिथून माझ्या धातूत उतरायचा
आणि धातूतून जमिनीत.
"जास्तीचं ओतलंस होय," मंगल म्हणाली.
एक मिलिमीटर. तळवारला हे कळता कामा नये.

कानस घेतली. मांडीवर पांढरा चुरा पडत राहिला,
चटईत गेला, दुधाच्या पातेल्यातही गेला असावा.
मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला,
झाकण, चारही स्क्रू, पार आवळून.
पाय ठेवला.
लाल दिवा लागला
आणि लाईट गेली.

माग एकदम थांबले, अख्ख्या गल्लीचे.
कुणीतरी कन्नडमध्ये शिवी दिली,
कुणीतरी मराठीत ती पुरी केली.
ॲम्प मुका. बॅटरीचा ठिपका तेवढा पायापाशी.
मी तार छेडली. पातळ,
बिनविजेची, शेजारीही जाणार नाही अशी.

दिवा आहे, आवाज नाही. परत तेच.
पण आता अडलंय कुठं ते मला माहीत आहे,
हेस्कॉमच्या खांबावर,
आणि तिथं माझी कानस पोचत नाही.